हॅरी एस. ट्रुमन

हॅरी एस. ट्रुमन (८ मे, १८८४ – २६ डिसेंबर, १९७२) हे अमेरिकेचे ३३वे राष्ट्राध्यक्ष होते. त्यापूर्वी १९३५ ते १९४५ या काळात ते मिसूरी राज्यातर्फे सेनेटचे सदस्य होते व १९४५ च्या आरंभी काही आठवडे उपराष्ट्राध्यक्ष होते. फ्रँकलिन डी. रूझवेल्ट यांच्या निधनानंतर १२ एप्रिल १९४५ रोजी त्यांनी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली आणि २० जानेवारी १९५३ पर्यंत ते त्या पदावर राहिले. दुसऱ्या महायुद्धाची अखेर, जपानवरील अणुबॉम्बहल्ले, शीतयुद्धाचा आरंभ आणि कोरियन युद्ध या घटना त्यांच्या कारकिर्दीतील होत.

पदावरून उतरलेल्या ट्रुमन यांना राष्ट्राध्यक्ष म्हणून निवृत्तिवेतन मिळाले नाही, कारण तशी तरतूदच कायद्यात नव्हती. त्यांच्या उदाहरणामुळे अमेरिकी काँग्रेसने १९५८ मध्ये माजी राष्ट्राध्यक्ष अधिनियम संमत केला. निवृत्त राजकारण्यांच्या चरितार्थाचा भार सरकारी तिजोरीने उचलावा काय, या वादात त्यांचे नाव आजही घेतले जाते. मात्र ते खरोखरच विपन्नावस्थेत होते का, याविषयी अलीकडच्या काळात गंभीर शंका उपस्थित झाली आहे.

बालपण व तारुण्य

ट्रुमन यांचा जन्म मिसूरी राज्यातील लमार या गावी झाला. वडील जॉन अँडरसन ट्रुमन हे शेती व जनावरांचा व्यापार करीत; आईचे नाव मार्था एलेन. नावातील एस. हे अक्षर कोणत्याही नावाचे संक्षिप्त रूप नाही. दोन्ही आजोबांच्या नावांत ते अक्षर असल्यामुळे दोन्हींकडचा मान राहावा म्हणून ते तसेच ठेवले गेले. १८९० मध्ये कुटुंब इंडिपेन्डन्स या गावी राहावयास आले. दृष्टी अधू असल्याने लहानपणापासून त्यांना जाड भिंगांचा चष्मा होता. मैदानी खेळांऐवजी वाचन व पियानोवादन यांत त्यांचे बालपण गेले.

धान्याच्या सट्ट्यात वडिलांना मोठी खोट आली आणि मुलाच्या महाविद्यालयीन शिक्षणाचा विचार सोडून द्यावा लागला. विसाव्या शतकातील अमेरिकी राष्ट्राध्यक्षांपैकी महाविद्यालयीन पदवी नसलेले ते एकटेच होत. काही वर्षे कॅन्सस सिटीतील बँकांत कारकुनी केल्यानंतर १९०६ मध्ये ते ग्रँडव्यू येथील कौटुंबिक शेतीवर परतले व पुढील सुमारे ११ वर्षे त्यांनी शेती केली. पहिल्या महायुद्धात तोफखान्याच्या एका तुकडीचे कप्तान म्हणून ते फ्रान्समध्ये लढले. युद्धावरून परतल्यावर २८ जून १९१९ रोजी बेस वॉलेस यांच्याशी त्यांचा विवाह झाला. मार्गारेट ही त्यांची एकुलती एक मुलगी.

दुकान आणि कर्ज

युद्धातील सहकारी एडी जेकबसन यांच्यासह ट्रुमन यांनी १९१९ च्या अखेरीस कॅन्सस सिटीत पुरुषांच्या तयार कपड्यांचे दुकान काढले. आरंभी धंदा बरा चालला. परंतु मंदी आली, मालाचे भाव कोसळले आणि १९२२ मध्ये दुकान बंद करावे लागले. जेकबसन यांना पुढे दिवाळखोरी जाहीर करावी लागली. ट्रुमन यांनी तो मार्ग नाकारला व धंद्याचे देणे सुमारे १५ वर्षे फेडीत राहिले. ते सेनेटमध्ये निवडून गेले त्या वेळीही हे कर्ज पुरते फिटलेले नव्हते. पैशाच्या बाबतीत त्यांच्या स्वभावात जी काटकसर व धास्ती पुढे दिसते, तिचे मूळ या अनुभवात असावे. लग्नानंतर स्वतःचे घर घेणे त्यांना जमले नाही. इंडिपेन्डन्स येथील २१९ नॉर्थ डेलावेअर स्ट्रीट या सासूबाईंच्या घरातच ते राहत असत.

जॅक्सन काउंटीचे राजकारण

१९२२ मध्ये ट्रुमन जॅक्सन काउंटीचे न्यायाधीश म्हणून निवडून आले. हे पद नावापुरते न्यायाधीशाचे असून त्याचे काम रस्ते, इमारती व करवसुली पाहण्याचे, म्हणजे आपल्याकडील जिल्हा परिषदेच्या पदाधिकाऱ्यासारखे होते. १९२४ मध्ये ते पराभूत झाले. १९२६ मध्ये ते मुख्य न्यायाधीश म्हणून परत आले आणि १९३४ पर्यंत त्या पदावर राहिले. त्यांच्या देखरेखीखाली काउंटीत पक्क्या रस्त्यांचे जाळे झाले.

हे सारे टॉम पेंडरगास्ट या कॅन्सस सिटीतील राजकीय धन्याच्या आश्रयाने घडले. पेंडरगास्ट यांची संघटना मतांची फेरफार व कंत्राटांतील लाचखोरी यांसाठी कुप्रसिद्ध होती. ट्रुमन यांनी स्वतः पैसे खाल्ल्याचा पुरावा पुढे आला नाही. पण त्या संघटनेच्या आधारावाचून त्यांना पद मिळणे अशक्य होते, हेही खरे. १९३९ मध्ये करचुकवेगिरीबद्दल पेंडरगास्ट यांना तुरुंगवास झाला. जानेवारी १९४५ मध्ये ते वारले, तेव्हा उपराष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेऊन आठवडाही उलटण्याच्या सुमारास असलेले ट्रुमन त्यांच्या अंत्यविधीस गेले. वृत्तपत्रांनी मोठी टीका केली. जुन्या माणसाशी असलेले नाते तो मेल्यावर तोडणे त्यांना मान्य नव्हते.

सेनेटमधील १० वर्षे

१९३४ च्या निवडणुकीत विजयी होऊन ट्रुमन सेनेटमध्ये गेले. प्रारंभी त्यांच्याकडे पेंडरगास्ट यांचा माणूस म्हणूनच पाहिले जाई. सेनेट सदस्याचे वेतन तेव्हा वर्षाला १०,००० डॉलर होते. वॉशिंग्टनमधील भाड्याचे घर, गावाकडील खर्च आणि जुने कर्ज यांत ते पुरत नसे. १९४१ पासून त्यांनी पत्नीला आपल्या सेनेट कार्यालयात वेतनावर नेमले. याचा गवगवा १९४४ च्या प्रचारात विरोधकांनी पुरेपूर केला.

१९४० हे वर्ष त्यांना विशेष कठीण गेले. एकीकडे फेरनिवडणुकीची चुरशीची लढत चालू होती. त्याच सुमारास ग्रँडव्यूच्या शेतजमिनीवरील गहाणाचे पैसे न भरल्यामुळे काउंटीने ती जमीन जप्त केली. वृद्ध आई व बहीण यांना घर सोडून गावातील लहान घरात जावे लागले. जमिनीचा काही भाग पुढे महायुद्ध संपल्यानंतर परत घेण्यात आला.

१९४१ मध्ये युद्धसामग्रीच्या कंत्राटांतील उधळपट्टी शोधण्यासाठी नेमलेल्या सेनेट समितीचे ते अध्यक्ष झाले. ट्रुमन समिती या नावाने ओळखल्या गेलेल्या या समितीने छावण्या, विमाने व पोलाद यांच्या खरेदीतील गैरव्यवहार उघडकीस आणले. तिच्यामुळे ट्रुमन यांचे नाव देशभर झाले आणि १९४४ मध्ये रूझवेल्ट यांच्यासोबत उपराष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी त्यांना मिळाली.

विधिमंडळ सदस्यांच्या निवृत्तिवेतनाचा प्रश्नही याच काळात पेटला. जानेवारी १९४२ मध्ये काँग्रेसने आपल्या सदस्यांना सरकारी नोकरांच्या निवृत्तिवेतन योजनेत सामील करून घेणारा कायदा केला. पर्ल हार्बरवरील हल्ल्यास जेमतेम दीड महिना झाला होता आणि नागरिकांना त्यागाचे आवाहन केले जात होते. लोक खवळले. गरजू काँग्रेस सदस्यांसाठी म्हणून जुने कपडे व जोडे वॉशिंग्टनला पाठवण्याची उपहासात्मक मोहीम निघाली. मार्च १९४२ मध्येच ही तरतूद रद्द करावी लागली. युद्ध संपल्यावर १९४६ च्या विधिमंडळ पुनर्रचना अधिनियमाने ती पुन्हा आणली. सदस्याने वेतनातून ६ टक्के वर्गणी द्यावी, किमान ६ वर्षे सेवा करावी आणि वयाच्या ६२ व्या वर्षापासून निवृत्तिवेतन घ्यावे, असे तिचे स्वरूप होते. २ ऑगस्ट १९४६ रोजी या अधिनियमावर स्वाक्षरी करणारे राष्ट्राध्यक्ष ट्रुमन होते. सेनेट सोडून त्यांना तेव्हा दीड वर्ष झाले होते. राष्ट्राध्यक्षासाठी मात्र कोणीच काही सुचवले नाही.

राष्ट्राध्यक्षपद

ऑगस्ट १९४५ मध्ये हिरोशिमा व नागासाकी या शहरांवर अणुबॉम्ब टाकण्यात आले. त्या निर्णयाची चर्चा अद्याप संपलेली नाही. १९४७ मध्ये ग्रीस व तुर्कस्तान यांना साहाय्य देणारे ट्रुमन धोरण, १९४८ मध्ये पश्चिम युरोपच्या उभारणीची मार्शल योजना आणि १९४९ मध्ये नाटो करार यांनी शीतयुद्धकालीन अमेरिकी परराष्ट्रनीतीचा पाया घातला. जुलै १९४८ मध्ये त्यांनी सैन्यातील वंशभेद संपवण्याचा आदेश काढला. त्याच वर्षी सर्व अंदाज खोटे ठरवीत त्यांनी थॉमस ड्युई यांचा पराभव केला. १९४९ मध्ये पंडित नेहरूंनी अमेरिकेस भेट दिली ती त्यांच्याच काळात. भारतातील अन्नटंचाई लक्षात घेऊन १९५१ मध्ये १९ कोटी डॉलरचे धान्य-कर्ज देणारा कायदाही त्यांच्या स्वाक्षरीने झाला. कोरियन युद्धात जनरल मॅकआर्थर यांना एप्रिल १९५१ मध्ये पदच्युत केल्यावर त्यांची लोकप्रियता फारच खालावली.

दोन बाबी येथे विशेष नोंदवण्याजोग्या आहेत, कारण त्यांचा संबंध उत्तरायुष्याशी येतो. पहिली वेतनाची. राष्ट्राध्यक्षाचे वेतन पदाच्या मुदतीत वाढवता येत नाही, असा राज्यघटनेचा दंडक आहे. म्हणून नवी मुदत सुरू होण्याच्या आदल्या दिवशी, १९ जानेवारी १९४९ रोजी, ते ७५,००० वरून १,००,००० डॉलर करण्यात आले. त्याशिवाय ५०,००० डॉलरचा वार्षिक खर्च-भत्ता मंजूर झाला. या भत्त्यावर त्या वेळी कर नव्हता आणि त्याचा हिशेबही द्यावा लागत नव्हता.

दुसरी बाब माजी राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूव्हर यांची. महामंदीचे खापर डोक्यावर फुटल्यामुळे हूव्हर १९३३ पासून वॉशिंग्टनच्या दृष्टीने जणू वाळीत पडले होते. रूझवेल्ट यांनी त्यांना कधी व्हाइट हाउसमध्ये बोलावले नाही. ट्रुमन विरोधी पक्षाचे असूनही त्यांनी मे १९४५ मध्ये हूव्हर यांना पाचारण केले. १९४६ मध्ये जगातील अन्नटंचाईची पाहणी करण्यास त्यांना पाठवले. त्या दौऱ्यात हूव्हर भारतातही येऊन गेले. पुढे शासनव्यवस्थेच्या फेररचनेसाठी नेमलेल्या आयोगाचे अध्यक्षपद ट्रुमन यांनी त्यांना दिले. कोलोरॅडो नदीवरील धरणाला असलेले हूव्हर यांचे नाव रूझवेल्ट यांच्या राजवटीत वापरातून गेले होते. १९४७ मध्ये काँग्रेसच्या ठरावावर स्वाक्षरी करून ट्रुमन यांनी ते पुन्हा दिले. पायउतार झालेल्या विरोधकाचा जिवंतपणीच असा मान राखल्याची उदाहरणे अमेरिकी राजकारणात फार नाहीत.

निवृत्तीनंतर

२० जानेवारी १९५३ रोजी आयझेनहॉवर यांचा शपथविधी झाला आणि त्याच दिवशी ट्रुमन दांपत्य आगगाडीने इंडिपेन्डन्सला निघाले. सरकारी सुरक्षारक्षक, वाहन, कार्यालय, कारकून यांपैकी काहीही सोबत नव्हते. सरकारकडून त्यांना मिळणारी रक्कम म्हणजे राखीव दलातील सेवेबद्दलचे दरमहा ११२.५६ डॉलर एवढे लष्करी निवृत्तिवेतन. सासूबाईंचे नुकतेच निधन झाले होते. बेस यांच्या भावांचे वाटे विकत घेऊन वयाच्या ६८ व्या वर्षाच्या सुमारास ट्रुमन त्या घराचे मालक झाले.

त्याच उन्हाळ्यात हे दांपत्य स्वतःच्या मोटारीने न्यू यॉर्कपर्यंत जाऊन आले. मोटार ट्रुमन स्वतः चालवत होते. वाटेत साध्या विश्रामगृहांत मुक्काम आणि रस्त्याकडेच्या खानावळींत जेवण असा त्यांचा प्रवास झाला. पेनसिल्व्हेनियातील महामार्गावर एका पोलिसाने त्यांना अडवलेही. त्यानंतर कोणत्याही माजी राष्ट्राध्यक्षाने असा प्रवास केलेला नाही.

कंपन्यांकडून गलेलठ्ठ वेतनाच्या पदांचे प्रस्ताव आले. आपल्या नावाची नव्हे, तर राष्ट्राध्यक्षपदाची ती किंमत आहे असे मानून ट्रुमन यांनी ते नाकारले. परंतु पद सुटले तरी लोकांची पत्रे थांबली नव्हती. हजारो पत्रांना उत्तरे देण्यासाठी कॅन्सस सिटीत कार्यालय भाड्याने घ्यावे लागले. कारकुनांचे वेतन व टपालाचा खर्च ते पदरचा करीत. आठवणींच्या लेखनाचे हक्क लाइफ नियतकालिकाच्या प्रकाशकांनी ६ लाखांहून अधिक डॉलरना घेतले आणि १९५५ व १९५६ मध्ये त्या दोन खंडांत प्रसिद्ध झाल्या. मात्र त्या रकमेचा मोठा वाटा प्राप्तिकरात व लेखनसाहाय्यकांच्या वेतनात गेला. आयझेनहॉवर यांना त्यांच्या युद्धविषयक पुस्तकाच्या वेळी, ट्रुमन यांच्याच राजवटीत, अतिशय सौम्य दराने कर भरण्याची सवलत मिळाली होती. ट्रुमन यांना ती मिळाली नाही, याची त्यांना सल होती.

माजी राष्ट्राध्यक्ष अधिनियम, १९५८

माजी राष्ट्राध्यक्षांच्या चरितार्थाचा प्रश्न जुनाच होता. जेफर्सन कर्जात वारले. युलिसिस ग्रँट यांची पुंजी १८८४ मध्ये भागीदाराच्या लबाडीमुळे बुडाली आणि घशाच्या कर्करोगाने आजारी असताना कुटुंबासाठी त्यांनी आठवणी लिहून संपवल्या. १९१२ मध्ये उद्योगपती अँड्रू कार्नेगी यांनी माजी राष्ट्राध्यक्षांना वर्षाला २५,००० डॉलर देऊ केले, परंतु खाजगी धनिकाकडून असे वेतन घेणे टॅफ्ट यांना प्रशस्त वाटले नाही. दिवंगत राष्ट्राध्यक्षांच्या विधवांना काँग्रेस वेळोवेळी स्वतंत्र कायद्याने निवृत्तिवेतन देई. हयात असलेल्या माजी राष्ट्राध्यक्षाला नाही.

ट्रुमन यांनी प्रतिनिधिगृहाचे सभापती सॅम रेबर्न व बहुमतातील पक्षाचे नेते जॉन मॅककॉर्मॅक या जुन्या स्नेह्यांना पत्रे लिहून आपली स्थिती कळवली. भावंडांसह वारशाने मिळालेली जमीन विकता आली नसती, तर आपल्यावर सरकारी मदतीवर जगण्याची पाळी आली असती, असा त्यांचा आशय होता. ग्रँडव्यूच्या त्या शेतावर पुढे बाजारसंकुल उभे राहिले. फेब्रुवारी १९५८ मध्ये पत्रकार एडवर्ड मरो यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमातही ते या विषयावर बोलले. विधेयक काही काळ रेंगाळले होते. आता त्याला गती आली. २५ ऑगस्ट १९५८ रोजी आयझेनहॉवर यांनी त्यावर स्वाक्षरी केली.

या अधिनियमान्वये माजी राष्ट्राध्यक्षास वर्षाला २५,००० डॉलर निवृत्तिवेतन, कार्यालयासाठी जागा, कर्मचाऱ्यांच्या वेतनासाठी ५०,००० डॉलरपर्यंत रक्कम आणि टपालमाफी मिळू लागली. माजी राष्ट्राध्यक्षाच्या विधवेस वर्षाला १०,००० डॉलर ठरले. त्या दिवशी हयात असलेले माजी राष्ट्राध्यक्ष दोनच होते, ट्रुमन व हूव्हर. हूव्हर हे खाणउद्योगातून गब्बर झालेले गृहस्थ. राष्ट्राध्यक्ष असतानाही त्यांनी आपले वेतन स्वतःसाठी ठेवले नव्हते. तरीही त्यांनी निवृत्तिवेतन स्वीकारले. आपण नाकारले तर ट्रुमन यांना संकोच वाटेल, हे त्यामागचे कारण सांगितले जाते.

आर्थिक स्थितीविषयीचा वाद

अर्धशतकाहून अधिक काळ ट्रुमन यांच्या गरिबीची हकिकत चरित्रांतून जशीच्या तशी सांगितली जात होती. बेस ट्रुमन यांच्या संग्रहातील आर्थिक कागदपत्रे २०११ मध्ये अभ्यासकांना खुली झाली. त्यांच्या आधारे कोलोरॅडो विद्यापीठातील विधिशास्त्राचे प्राध्यापक पॉल कॅम्पोस यांनी २०२१ मध्ये वेगळे चित्र मांडले. १९५३ च्या अखेरीस ट्रुमन यांनी स्वतःच्या हाताने केलेल्या टिपणात आपली मालमत्ता सुमारे साडेसहा लाख डॉलरची असल्याचे नमूद आहे. त्या काळच्या मानाने ही मोठी संपत्ती होय. व्हाइट हाउसमधील हिशेब न द्यावा लागणाऱ्या खर्च-भत्त्याचा बराच भाग त्यांनी स्वतःकडे ठेवला, असे कॅम्पोस यांचे म्हणणे आहे.

हा आक्षेप केवळ काटकसरी माणसाच्या अतिशयोक्तीपुरता राहत नाही, कारण काँग्रेसने कायदा केला तो त्यांच्या शब्दावर विसंबून. दुसऱ्या बाजूने, कार्यालय व टपाल यांचा खर्च खराच होता. पदाचे काम पद गेल्यावरही मागे लागते, हा त्यांचा मुद्दा मालमत्तेच्या आकड्याने खोटा ठरत नाही. दुकान बुडालेल्या, आईची जमीन जप्त झालेल्या माणसाला बँकेतील शिल्लक कधीच पुरेशी वाटली नसावी, एवढे म्हणता येते.

अखेरची वर्षे व सन्मान

इंडिपेन्डन्स येथील ट्रुमन ग्रंथालय लोकवर्गणीतून उभे राहिले व ६ जुलै १९५७ रोजी त्याचे उद्‌घाटन झाले; समारंभास हूव्हर उपस्थित होते. ट्रुमन तेथे नित्य जात आणि शाळकरी मुलांच्या प्रश्नांना उत्तरे देत. १९६३ मध्ये सेनेटने माजी राष्ट्राध्यक्षांना सभागृहात बोलण्याचा अधिकार दिला. त्यानुसार ८ मे १९६४ रोजी, आपल्या ८०व्या वाढदिवशी, ट्रुमन आपल्या जुन्या सभागृहात बोलले. हा मान मिळालेले ते पहिले माजी राष्ट्राध्यक्ष होत. ३० जुलै १९६५ रोजी लिंडन जॉन्सन यांनी ज्येष्ठ नागरिकांच्या आरोग्य विम्याच्या कायद्यावर मुद्दाम इंडिपेन्डन्सला येऊन स्वाक्षरी केली व पहिले ओळखपत्र ट्रुमन यांना दिले. अशी योजना ट्रुमन यांनी स्वतःच्या कारकिर्दीत मांडली होती आणि काँग्रेसने ती हाणून पाडली होती.

२६ डिसेंबर १९७२ रोजी कॅन्सस सिटीतील रुग्णालयात वयाच्या ८८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. बेस यांच्या इच्छेनुसार वॉशिंग्टनमधील राजकीय इतमामाचा मोठा सोहळा टाळून ग्रंथालयाच्या प्रांगणातच त्यांचे दफन करण्यात आले. ५ जानेवारी १९७३ रोजी राजधानीतील नॅशनल कॅथीड्रलमध्ये प्रार्थनासभा झाली. काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांत सदस्यांनी वाहिलेल्या श्रद्धांजली ग्रंथरूपाने छापण्यात आल्या. पुतळ्याऐवजी शिष्यवृत्ती हे त्यांचे राष्ट्रीय स्मारक ठरले. लोकसेवेत जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी ट्रुमन शिष्यवृत्ती प्रतिष्ठान स्थापणारा कायदा जानेवारी १९७५ मध्ये अमलात आला. पुतळाही पुढे झालाच. मिसूरी राज्याने दिलेला ट्रुमन यांचा पुतळा २०२२ मध्ये कॅपिटॉल इमारतीत बसवण्यात आला.

बेस ट्रुमन १८ ऑक्टोबर १९८२ रोजी वयाच्या ९७ व्या वर्षी वारल्या. नॉर्थ डेलावेअर स्ट्रीटवरील घर त्यांनी मृत्युपत्राने राष्ट्राला दिले. १९८४ पासून ते राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून लोकांसाठी खुले आहे.